एक बोळा जास्त

दर शुक्रवारी आमच्या प्रयोगशाळेत कापसाचे बारा बोळे निघायचे. ओल्या बोळ्यानं टेबल, वजनकाटा, दाराची मूठ पुसायची आणि औषधाचा कण कुठे सांडलाय का, ते यंत्रात तपासायचं. त्या शुक्रवारी मी गुपचूप तेरावा बोळा घातला. त्याच्या कुपीवर नुसता आकडा टाकला.

औषध तोंडाच्या कॅन्सरचं. अंगभर विष भिनवण्यापेक्षा ते गाठीवरच सोडायचं, म्हणून आम्ही ते एका पातळ पापुद्र्यात बसवलं होतं. पापुद्रा गालाच्या आत नेमका गाठीवर चिकटवायचा. पावडर तोलायचं काम माझं. हातमोजे दोन-दोन, वर गाऊन, मास्क, कारण ती पावडर आपलं-परकं ओळखत नाही.

चाचणीत सहा रुग्ण होते. त्यातले ड्रायव्हरकाका तीस वर्षं बस चालवलेले. नेहमीची केमो त्यांच्या किडन्यांना झेपत नव्हती. चार पापुद्र्यांत त्यांची गाठ बावीस मिलिमीटरवरून सतरावर आली होती. जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता, पण जीभ थांबत नव्हती. "बायको जन्मभर सांगत होती, तोंड बंद ठेवा," ते मला म्हणाले होते, "आता झालंय, तर तीच रडत बसते."

घरी ठमी, नऊ महिन्यांची. दात येत होते, त्यामुळे हाताला लागेल ते तोंडात. मी दारात पाऊल टाकलं की कडेवर यायची आणि आधी माझ्या आयकार्डची दोरी चघळायला घ्यायची. सासूबाई म्हणायच्या, हिला आईपेक्षा दोरीच जवळची. मीही हसायचे. खरं तर आयकार्ड बाहेर खुंटीवर टांगायचा नियम होता. पण आतलं दार त्याच्याशिवाय उघडत नसे, मग आम्ही सगळेच ते गळ्यात ठेवून वर गाऊन चढवायचो. त्या गुरुवारी मी काट्यावर वाकले आणि समोरच्या काचेत दिसलं, दोरी गाऊनमधून निसटून पावडरीजवळ लोंबत होती.

तेरावा बोळा त्या दोरीचा होता. गुरुवारीच घरी जाताना मी ती पिशवीत बांधून प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवली होती. तीन दिवस ठमी गळ्याशी चाचपत राहिली.

सोमवारी निकाल आला. बारा स्वच्छ. तेराव्यात औषध होतं. अगदी किंचित, पण होतं.

नवऱ्याला फोन केला. तो काहीच विचारत बसला नाही, ठमीला उचलून रक्त तपासायला घेऊन गेला. मी कागद हातात घेऊन जिन्यात उभी राहिले. आमच्या प्रमुख मॅडमना सांगितलं तर प्रयोगशाळा बंद होणार, धुणं-पुसणं, पुन्हा तपासण्या, तीन आठवडे तरी पापुद्रा नाही. आणि दुसऱ्याच दिवशी काकांचा पाचवा होता. एक दिवस थांबावं, असं मनात आलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण खाली उतरताना दिसली. तिचा धाकटा अजून अंगावर पितो. आयकार्ड तिच्या गळ्यात होतं.

मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"उद्या दुपारी सांगितलं असतंस तर काकांचा पापुद्रा लागला असता," त्या म्हणाल्या.

"आज संध्याकाळी अजून चार दोऱ्या चार घरी जातील, मॅडम."

मॅडमनी स्वतःच्या गळ्यातली दोरी काढून प्लास्टिकच्या पिशवीत टाकली आणि दाराला कुलूप लावायला सांगितलं.

ठमीच्या रक्तात काही सापडलं नाही. महिन्यानं पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी रोज सकाळी, कुठे व्रण दिसतो का म्हणून, तिच्या ओठाची आतली बाजू बघते.

काकांना सांगायचं काम मी मागून घेतलं. काही झाकलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी बाळ कसं आहे ते विचारलं, मग म्हणाले, "तीन आठवडे ती गाठ माझ्यासाठी थांबेल का, पोरी?"

मी नाही म्हटलं.

"मग माप तरी चालू ठेवा. अंधारात नको."

पुढच्या मंगळवारी ते आले. डॉक्टरांनी त्यांच्या गालाच्या आत मोजपट्टी धरली. लिहायला मी होते. एकोणीस मिलिमीटर, गेल्या मापापेक्षा दोन जास्त. काका माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मी आकडा त्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हटला आणि मग लिहिला.