माझ्या घशातलं लाकूड

"एकदा बुजवलेल्या विहिरीनं तोंड उघडायचं नाही." माझ्यावर लोखंडी झाकण ठोकताना फोरमननं मला हे बजावलं. का, ते विचारायची सोय नव्हती. मी सतरा नंबरची तेलविहीर बोलतेय, आणि आज बोलणारच.

तेल उसळलं तेव्हा मी लाडाची होते. मोठमोठी माणसं चिखलात नाचली. अठ्ठावीस वर्षं मला उपसलं, आणि धार बारीक झाली तशी मी नकोशी झाले. बुजवायच्या दिवशी सिमेंटची गाडी आलीच नाही, आणि भरायचं यंत्र तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विहिरीवर न्यायचं होतं. मग फोरमननं माझ्या घशात मोडके खांब, गोणपाट, दगडगोटे कोंबले. वर चार घमेली सिमेंट थापलं आणि वहीत लिहिलं, 'तळापासून सिमेंट भरले.' लाज कुणालाच वाटली नाही.

पुढे माझ्या खालच्या उतारावर, खोलगट जागेत घरं झाली. एक पाळणाघरही.

आता तीस वर्षांनी माझी आठवण झालीय. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू आमच्या खालच्या खडकात दाबून भरायचा. त्याच्या जोरानं उरलंसुरलं तेल शेजारच्या विहिरींतून वर येईल आणि वायू कायमचा खाली राहील. बेत चांगला आहे हो! पण भरण्याआधी बूच तरी बघाल की नाही?

बूच बघायला एक तरुण इंजिनिअर आली. तिनं झाकणाभोवती साबणाचं पाणी ओतलं. मी होता नव्हता तो जोर लावला. एक बुडबुडा आला, दुसरा आला, मग रांगच लागली.

"अगं, ओतलं की फेस होतोच," तिच्यासोबत आलेले साहेब म्हणाले. "तीस वर्षांत हिनं हूं की चूं केलं नाही."

केलं होतं! तुम्हीच नाकाला रुमाल लावून निघून जायचात.

"दहा मिनिटं झाली, साहेब. ओतल्याचा फेस एव्हाना विरला असता."

"वहीत काकांच्या हातचं लिहिलंय. बापाच्या वयाच्या माणसाला खोटं पाडतेस?"

तोच फोरमन, आता म्हातारा, शेजारीच काठी टेकून उभा होता. "सिमेंट आहे, पोरी," तो दुसरीकडेच बघत म्हणाला. "'बूच पक्कं' म्हणून सही करून टाक."

"काका, खाली भरायचा तो वायू हवेपेक्षा जड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. इथून गळला तर उतरून पाळणाघरात साचेल. झोपलेल्या पोरांना कळणारसुद्धा नाही. मला एवढंच सांगा, किती गोणी सिमेंट घातलंत?"

"यंत्र दुसऱ्या दिवशी न्यायचं होतं गं..." त्याच्या तोंडून निसटलं.

"काका, पुरे!" साहेब कडाडले. "आणि तू, मोठ्यांचा मान ठेवायला शीक. सही कर."

मी आजही तशीच आहे. वरून रंगवलेली, आतून कुजलेली. मला शोभेची करू नका. झाकण कापा, घसा साफ करा आणि या वेळी खरंच तळापासून भरा.

तिनं पेनाला टोपण लावलं. "सही करणार नाही. अहवालात 'गळकी' लिहितेय. मला काढायचं असेल तर काढा. पण मग इथं सही तुम्ही करा, साहेब. आणि त्या पोरांच्या आयांना जाऊन सांगा, ही सही माझी आहे म्हणून."

तिनं कागद पुढे धरला. साहेबांनी फोरमनकडे पाहिलं, फोरमननं जमिनीकडे. कागद घ्यायला कुणाचाच हात पुढे आला नाही.