मास्तरांनी पुसलेली रेघ

"लाली या रेघेबाहेर गेली, की तासभरसुद्धा थांबायचं नाही. लगेच फोन करायचा. कळलं का, मास्तर?" घरी येणाऱ्या नर्सने मास्तरांच्या सुजलेल्या डाव्या पोटरीभोवती पेनने रेघ मारली.

"रेघ वाकडी आली, सिस्टर."

"पाय आहे तो, पॅन्टचं कापड नाही!"

याच पायांनी शिलाई मशीन चालवून मास्तरांनी पंचेचाळीस वर्षं संसार ओढला होता. टाचेला एक भेग काय पडली, तिच्यातून जंतू शिरले आणि पोटरी तव्यासारखी तापली. गोळ्यांनी गुण आला नाही तर हॉस्पिटल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मास्तरांना त्या नावाचीच धास्ती. थोरला भाऊ असाच पायाचं दुखणं घेऊन चालत गेला होता आणि आडवा परत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर होती. बायको आंघोळीला गेल्यावर मास्तरांनी ओल्या रुमालाने रेघ पुसली आणि लालीच्या बाहेरून नवी मारली. गिऱ्हाईक अंगाने सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून शिवणीत जादा कापडाचा दाब ठेवायची जन्माची सवय.

"ताप आहे थोडा, पण लाली आतच आहे हं," नर्स म्हणाली. मास्तर हसले. खरं सांगावं तर हॉस्पिटल, न सांगावं तर पाय. इकडे आड, तिकडे विहीर. बायको उशी सारखी करायला आली, तर उगाच तिच्यावरच खेकसले.

पुढच्या सकाळी त्यांनी पुन्हा रेघ पुसली आणि आणखी बाहेरून मारली. दुपारी हुडहुडी भरली आणि ते बायकोलाच विचारू लागले, "बाई, तुम्ही कोण?"

धड शुद्ध आली ती दोन दिवसांनी, हॉस्पिटलात. जंतू रक्तात गेले होते. पाय गुडघ्यावरून काढावा लागणार होता. डॉक्टरांनी नर्सला बोलावून फैलावर घेतलं होतं.

"लाली मांडीकडे निघाली, तुम्हाला दिसली नाही? कशाला ठेवायचं तुम्हाला कामावर?"

नर्स पोटरीवरच्या त्या सरळ, सफाईदार रेघेकडे बघत होती. तिला कळलं होतं. तरी ती बोलणी खात राहिली.

"त्यांना बोलू नका," मास्तर म्हणाले. "रेघ मी पुसली. दोनदा."

"अहो, मला तरी सांगायचंत," बायको म्हणाली.

मास्तरांना फार लाज वाटली. त्यांनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद मागून घेतला आणि सही केली.

सगळे गेल्यावर बायको पांघरूण घालायला उठली. उजवं पाऊल तिने नीट झाकलं. डावं मात्र हलकेच हातात धरून बसून राहिली.