अकरा शेरे

"आता जे सांगून राहिलो ना मॅडम, ते तुमी मानणार नाही," असं म्हणत शेषरावांनी उन्हातलं बाकडं ओढत आणलं आणि माधवी मॅडमच्या खुर्चीसमोर टेकवलं. "हे अथी बसले ते तर नाहीच मानणार. यायले सूर्य दाखवला तरी कंदील म्हणतीन."

"हाणा थापा, हाणा," भट्टीमागून कुंदन म्हणाला.

तेल्हाऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या कुंदनच्या हॉटेलात ही सुरुवात रोज एकदा तरी व्हायची. शेषरावांनी चौतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं होतं. निवृत्तीनंतर टपाल सुटलं, वाटणं काही सुटलं नाही. पूर्णेच्या पुरात सायकलच्या ट्यूबवर बसून त्यांनी तार पोचवली होती. मेळघाटात एक वाघ त्यांच्या पिशवीतली पोस्टकार्डं वाचून पुन्हा गावनिहाय लावून ठेवायचा. ऐकणारे ऐकायचे, ओरडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसायचे.

आज मात्र ऐकणारी नवी होती. माधवी मॅडम मूळच्या पुण्याच्या, अकोल्यात त्यांची कंपनी. त्यांचं 'शिवार' नावाचं गप्पांचं अ‍ॅप होतं. शेतकऱ्याने बोंडअळीचा फोटो टाकायचा, सल्लागाराने पलीकडून उत्तर द्यायचं. त्यातला न दिसणारा भाग, निरोप वाहून नेणारा, शेषरावांच्या नातीने, प्रियदर्शनीने लिहिला होता. तिच्या धंद्यात त्याला लायब्ररी म्हणतात. निरोप पोचला नाही की लायब्ररी एक आकडा देते आणि त्या आकड्यावरून पुढे काय करायचं ते अ‍ॅप ठरवतं.

वर्षभर तिच्याकडे एकच आकडा होता. 'गेला नाही' एवढाच त्याचा अर्थ. का गेला नाही, ते त्यात नव्हतं. त्यामुळे अ‍ॅप दर दोन सेकंदांनी तोच निरोप पुन्हा पाठवत बसायचं. टॉवर पडला असला तरी, माणसाने नंबर बदलला असला तरी, माणूस वारला असला तरी. फोन तापायचे, बॅटऱ्या बसायच्या. लोक अ‍ॅप काढून टाकायला लागले होते.

आता आकडे अकरा होते. सकाळपासून तालुक्यातल्या चाळीस गावांत त्यांची परीक्षा चालू होती आणि प्रियदर्शनी रस्त्यापलीकडे कंपनीच्या गाडीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, शेवटच्या गावांची वाट बघत होती.

"परीक्षा पार पडली तर तिलाच तुकडीची प्रमुख करायचं, हे माझं ठरलंय," मॅडम मघाशी म्हणाल्या होत्या. "फक्त पुण्याचे भागीदार एकच गोष्ट विचारतात. हे तिचं स्वतःचं आहे ना? कुठून उचललेलं निघालं तर ते दुसऱ्याला आणून बसवतील. तुम्ही घरचे, म्हणून विचारते. कसं सुचलं हो तिला?"

तेव्हा शेषरावांच्या हातातली बशी कलली होती आणि चहाचा ओघळ मनगटावर आला होता. त्यांनी तो धोतराला पुसला होता.

कसं सुचलं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. श्रावणातल्या एका दुपारी प्रियदर्शनी घरी आली होती, न जेवता खाटेवर बसली होती.

"आबाजी, न पोचलेल्या निरोपाचं मी करू तरी काय?" तिने विचारलं होतं.

आणि ते हसले होते. "पोस्टमन परत आलेलं पत्र कोरं ठेवते का वो माय? शेरा मारते त्याच्यावर."

मग त्यांनी सांगायला घेतलं. घर बंद: उद्या पुन्हा जा. पत्ता अपुरा: पाठवणाऱ्याले विचार. घेण्यास नकार: त्या दारात पुन्हा उभी राहू नको. गाव सोडून गेले: नव्या पत्त्यावर धाड. नदीले पूर: माणसाचा दोष नाही, पाणी उतरू दे. मयत: एकदाच परत कर, मग त्या नावानं हाक मारू नको. असे अकरा शेरे. काही टपाल खात्याच्या पुस्तकातले, काही चौतीस वर्षांच्या चाकाखालून निघालेले. प्रत्येकाला एक आकडा.

त्या दिवसापासून ही हकिगत त्यांनी याच बाकड्यावर निदान चाळीस वेळा सांगितली होती. त्यांच्या आयुष्यातली ही एकमेव सरळ, बिनमिठाची खरी गोष्ट. आणि चाळीसही वेळा सगळं हॉटेल ओरडलं होतं, हाणा, हाणा! पोस्टमनच्या शेऱ्यावर मोबाइल चालते म्हणे!

"तर मॅडम," शेषराव म्हणाले, "पोट्टी बसली परतवाड्याच्या जीपमधी."

शेजारी बसलेल्या खुशालरावांनी मान वर केली. हे पंचवीस एकर काळ्या जमिनीचे धनी, शेषरावांचे शाळेपासूनचे सोबती आणि त्यांच्या थापा पकडण्यात गावात पहिले. "परतवाडा? काहून वो, तुमी तर सांगत होते का त्या दिवशी खाटेवर..."

शेषरावांची टाच त्यांच्या अंगठ्यावर पडली. खुशालरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी शेषरावांकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग रस्त्यापलीकडच्या गाडीकडे. आणि चाळीसही वेळच्या ओरड्याची लाज एकदम वाटावी तसं, तोंड मिटलं.

"हाव," ते हळूच म्हणाले. "परतवाडाच. मी इसरलो."

कुंदनने गाळणीवरची मान वर केली. मग पुन्हा खाली घातली.

"जीपमधी सतरा माणसं, म्हणून ही टपावर," शेषरावांनी सूर धरला. "निरोप कोठी मरते ते पाहाले चालली होती. घाटात पयल्या वळणावर मेला. हिनं लिहून घेतलं, एक. दुसऱ्या वळणावर बी मेला, पण आवाज येगळा."

"निरोप मरण्याचा आवाज?" मॅडमनी विचारलं.

"तिले येते ऐकू. आमच्या खानदानाचे कानच..." शेषराव थबकले. "म्हणजे तिचेच. आमचे आपले साधे, ऐकाले येत नाही असे. तर सातव्या वळणावर अस्वल! मोहाखाली बसलेलं. त्यानं हिचा मोबाइल घेतला आन् गेलं झाडीत. ही काई भ्याली नाही. तिथंच बसून तीन आकडे काढले. चवथ्या दिवशी अस्वल मोबाइल घेऊन वापस."

"वापस?"

"चार्ज करून."

मॅडम हसल्या. बाकड्यावर मात्र कोणी हसलं नाही. ज्या हॉटेलात सायकलच्या ट्यूबवर रोज आरडाओरडा व्हायचा, तिथे आज चार्ज केलेला मोबाइल घेऊन आलेलं अस्वल निमूट आत घेतलं गेलं. खुशालराव तर गंभीरपणे मान डोलावत होते, जणू त्या अस्वलाशी त्यांची सोयरीक होती.

"आणि आठवा आकडा?" मॅडम पुढे झुकल्या. "माझा सगळ्यात आवडता आहे तो. 'घर उघडं, माणूस वावरात.' फोन चालू आहे, पण कोणी उत्तर देत नाही. अशा वेळी अ‍ॅप दर दोन सेकंदांनी पाठवत नाही, दिवेलागणीची वाट बघतं. असलं काही मी कुठल्याच लायब्ररीत पाहिलेलं नाही. हे कसं सुचलं तिला?"

शेषरावांचे ओठ हलले. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ते एका दारासमोर भर दुपारी तीन दिवस हाका मारत उभे राहिले होते. दार सताड उघडं, आत फक्त एक कोंबडी. चौथ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी गेले, तेव्हा कापूस वेचून आलेली म्हातारी पायरीवर बसलेली होती. पत्र घेऊन तिने विचारलं होतं, दुपारी कोणाच्या घरी माणूस राहते रे बापा? ती म्हातारी, ती कोंबडी, तो महिना, सगळं त्यांच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं.

त्यांनी बशी तोंडाला लावली. बशी रिकामी होती.

"सुचलं आपलं," ते म्हणाले. "डोकं लय हाय तिले."

"आणि हे सगळं चाललं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी?" शेषरावांनी बशी कपावर पालथी घातली. "मी झोपलो होतो."

कुंदनच्या हातातला डाव पातेल्यातच थांबला. शेषरावांच्या सबंध आयुष्यातल्या कुठल्याही गोष्टीत शेषराव आजवर झोपलेले नव्हते.

तेवढ्यात गाडीचं दार धाडकन वाजलं. प्रियदर्शनी रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच आली. ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती, लॅपटॉप उघडाच हातावर.

"मॅडम, चाळीसही गावं झाली! तीनशे बारा निरोप अडले, तीनशे बाराचं कारण बरोबर निघालं. एक पण चुकला नाही!" आणि मग, कंपनीची भाषा संपली तसं, "आबाजी, एक बी नाही चुकला वो!"

खुशालरावांनी टाळी वाजवली ती इतकी जोरात, की तेल्हारा-अकोला एसटीच्या खिडकीतून दोन माणसांनी डोकी बाहेर काढली. कुंदनने डावाने पातेलं बडवलं. शेषराव उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. मॅडमनी प्रियदर्शनीचा हात दोन्ही हातांत घेतला.

"अभिनंदन, प्रमुख बाई," त्या म्हणाल्या. "आजोबांनी सगळं सांगितलं मला. एकटीनं केलंस, ते म्हणे झोपले होते. म्हणजे कुठूनही उचललेलं नाही. पुण्याला आत्ताच कळवते."

त्यांनी फोन काढला. प्रियदर्शनीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. शेषराव समोरच्या एसटीची पाटी वाचत होते, जणू तेल्हारा-अकोला हे शब्द आज पहिल्यांदाच लागत होते.

"हाव," पाटीवरची नजर न काढता ते म्हणाले. "घोरत होतो."

"जाऊ दे ना माय," खुशालराव पुटपुटले. "पेढे आण."

प्रियदर्शनीने लॅपटॉप बाकड्यावर ठेवला. मॅडमचा अंगठा फोनवर टेकायच्या आत तिने आपला तळहात त्यावर धरला.

"खोटं हाय," ती म्हणाली. पलीकडच्या एसटीतल्या माणसांनाही ऐकू गेलं. "साफ खोटं बोलून राहिले हे. उचललं हाय मॅडम मी, अकराच्या अकरा. यायच्यापासून उचललं. हे सांगत होते, मी लिहून घेत होती."