पडत्या पंखाला टेकू

पहिलं विमान माझ्या नवऱ्याने स्वयंपाकघरात मोडलं. सासऱ्यांनी हलक्या लाकडाच्या पट्ट्या तासून ते बनवलं होतं आणि गोंद वाळायला टेबलावर ठेवलं होतं. नवरा क्रेनवरची पाळी संपवून आला, ताट ठेवायला जागा नाही म्हणाला, विमान खाली ओढलं आणि बूट न काढता त्यावर नाचला. मी आडवी गेले, तर माझा हात चौकटीत धरून त्याने दार लोटलं. माझी दोन नखं काळी पडून गळली.

सासऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. मला त्यांचाही संताप आला. नखांना औषध लावताना ते म्हणाले, "मी सुतार. मोजायची पट्टी याच्या पाठीवर मोडलीय मी, आणि एकदा नाही. आता कोणत्या तोंडाने बोलू?"

पेरलं तसं उगवलं, हे खरं. पण उगवलेलं मी का कापायचं? बापाचा राग बायकोवर, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. आणि मी काही कुणाचं वांगं व्हायला जन्मले नव्हते.

दुसरं विमान त्यांनी कपाटामागे लपवून केलं. तोवर त्यांचे हात इतके कापायला लागले होते की कपातला चहा बशीत आणि बशीतला सदऱ्यावर. "हे एकदा उडताना बघायचंय मला," ते म्हणाले. "तू उडव. तुझा हात स्थिर आहे." स्थिर असायलाच हवा. कपडे शिवायच्या कारखान्यात मी यंत्राने कापडाचे थर रेघेवर कापते. पातं उभं चालतं, हात हलला की बोट गेलं.

त्यांच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर होता. खरा रिमोट वायरने जोडायचा आणि पडद्यावरचं विमान उडवायचं. नवरा बाहेर पडला की आम्ही बसायचो. मी विमानं झाडांवर घातली, छपरांवर घातली, नाकासकट जमिनीत रोवली. बटण दाबलं की पुन्हा नवं कोरं. "गाढवे!" सासरे ओरडायचे, आणि ओरडताना दहा वर्षांनी तरुण दिसायचे.

सगळ्यांचं घोडं अडतं ते विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा. त्याचं उजवं ते आपलं डावं होतं. नवखा माणूस सावरायला रिमोटवरची स्टिक उलट्या बाजूला ढकलतो आणि विमान आणखी कलून आपटतं. सासऱ्यांकडे यावर सुताराचा उपाय होता. "डावं-उजवं विसर. पडत्या भिंतीला टेकू देतात ना, तसा पडत्या पंखाला द्यायचा. ज्या अंगाला तो पडताना दिसतो, त्याच अंगाला स्टिक न्यायची." हळूहळू माझा अंगठा मला विचारायचाच बंद झाला.

पडद्यावरच्या मैदानाच्या कडेला एक टोपीवाला उभा असायचा, नुसतं चित्र. एकदा माझा ओठ फाटलेला असताना मी विमान सरळ त्याच्या डोक्यात घातलं. मग पुन्हा घातलं, आणि पुन्हा. एकदाही नेम चुकला नाही. मला फार बरं वाटलं. सासऱ्यांनी माझ्या हातातला रिमोट खाली दाबला. मग म्हणाले, "तो जिवंत आहे असं समज. वळव."

सुट्टीच्या सकाळी आम्ही खऱ्या मैदानावर गेलो. तिथे नवशिक्यांना सांभाळणारे मास्तर माझ्या शेजारी उभे राहिले. सासरे लांब, कुंपणापाशी, घडीच्या खुर्चीत बसले. विमान उडालं! एका झोकात उडालं. म्हातारा तोंडाचा आ करून वर बघत टाळ्या वाजवत होता, आणि कापरे हात एकमेकांना सापडत नव्हते.

तेवढ्यात कुंपणाबाहेर क्रेन थांबली. नवऱ्याला कुणी सांगितलं देव जाणे. आला तो थेट बापाकडे. खुर्चीला लाथ घातली. म्हातारा पालथा पडला, त्याला उताणा करून हा छातीवर गुडघा रोवून बसला.

"माझी एक तरी वस्तू धड ठेवली होती का रे तू? एक तरी?" तो ओरडत होता, आणि प्रत्येक शब्दाला एक ठोसा. मग त्याने गळा धरला.

"सोडा त्यांना!" मी किंचाळले. मास्तर धावले, पण त्यांचा गुडघा दुखरा आणि मैदान मोठं. सासऱ्यांचे पाय माती उकरत होते. मग उकरायचे थांबले.

मी विमान कुंपणापलीकडून वळवलं आणि खाली आणलं. ते आमच्याकडे तोंड करून येत होतं. एक पंख नवऱ्याच्या अंगाला कलला. अंगठा टेकू द्यायला निघाला. मी तो दाबून धरला. समोरचा तो जिवंत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. सासरे खाली आडवे होते, हा वर होता. रेघेच्या वरचं कापायचं आणि रेघेखालच्याला धक्का लावायचा नाही, हे तर माझं रोजचं काम.

प्रोपेलरने त्याचा गाल कानापर्यंत उघडला. अर्धा कान गेला, खांद्याचं हाड मोडलं. विमानाच्या काड्या झाल्या.

सासरे खोकत उठले, रांगत मुलाकडे गेले आणि सदरा काढून त्याच्या गालावर दाबून धरला. "माझं पोर," म्हणत राहिले. मी जवळ गेले, तर त्याच रक्ताळलेल्या हाताने त्यांनी माझ्या कानफटात मारली. मी गाल धरून उभी राहिले. ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच मारावं!

हवालदार आला तेव्हा मास्तर म्हणाले, "कॉम्प्युटरवर शिकलेल्यांचं होतं असं. समोरून येताना उलटं करतात."

हवालदाराने सासऱ्यांना विचारलं, "मुद्दाम घातलं का हिने? शिकवलं तुम्हीच ना?"

सासऱ्यांच्या गळ्यावर बोटांचे वळ उमटले होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं.

"हिने?" ते घोगरं हसले. "मठ्ठ आहे हो ही. घसा कोरडा पडला माझा, पण डावं-उजवं कळलं नाही. नेम धरायला अक्कल लागते, साहेब."

इतकं वाईट मला कुणी कधी बोललं नव्हतं. मला रडू आवरेना.

"उद्या येतो," हवालदार म्हणाला. "कॉम्प्युटरवर उडवून दाखवा, कसं चुकलं ते."

नवऱ्याला इस्पितळात ठेवून आम्ही घरी आलो. सासऱ्यांनी तोंड धुतलं नाही की पाणी प्यायलं नाही; कॉम्प्युटर लावला आणि रिमोट माझ्या हातात दिला. विमान समोरून येऊ लागलं. पंख कलला. अंगठा गेला आणि विमान अलगद सरळ झालं.

"चूक," ते म्हणाले.

पुन्हा आलं, पुन्हा सरळ झालं. मला काही केल्या चुकता येईना. शेवटी त्यांनी आपला कापरा हात माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि उलट्या बाजूला ओढू लागले.

"चूक गं बाई," ते रडत म्हणाले. "चूक."