कळलावीची पहिली कळी

भाद्रपदातले ऊन. धुतलेले, कोवळे, सोनसळी. गवताच्या तुऱ्यांवरून ओघळते, कारवीच्या पानांवर थबकते आणि उतारावरच्या एका कळलावीपाशी येऊन रेंगाळते.

कळलावी, संस्कृतातली अग्निशिखा. तिच्या शेंड्याला आज एक कळी आहे. हिरवी, नतमुख, एकाकी. सात पावसाळे या वेलीला फूल म्हणून आले नव्हते. दर वर्षी आळ्या आधी पोचायच्या.

कळीसमोर हेमांगी बसली आहे, मांडीवर नवऱ्याची वही घेऊन. उद्धव वनस्पतींचा अभ्यासक. बाळंतपणात अडलेल्या बाईच्या तळव्यांना कळलावीच्या गड्ड्याचा लेप लावतात. तो गड्डा आळी लागलेल्या वेलीचाच घ्यावा, तोच जास्त कडू आणि म्हणून गुणकारी, असे पाड्यावरची सुईण हिरूबाई सांगे. ते खरे का? आठ वर्षे आळ्यांनी खाल्लेली पाने मोजायची, वेलीला हात लावायचा नाही आणि शेवटी गड्डा तपासायचा, असे त्याने ठरवले होते. आठवे वर्ष उजाडले आणि चैत्रातच तो गेला.

"एकदा हिचं फूल बघायचंय गं," तो म्हणायचा. तरी आळीला कधी बोट लावले नाही. असा हट्टी माणूस.

आज आळ्या कळीखाली वीतभर अंतरावर होत्या. काळ्याभोर, पांढऱ्या-केशरी ठिपक्यांच्या, नटव्या आणि अधाशी. हेमांगीला राहवले नाही. तिने एकेक वेचून डब्यात टाकली. अकरा आळ्या. फूल उमलेल, त्याच्या वाटचे मी पाहीन, एवढेच तिच्या मनात होते.

पाटी घेऊन हिरूबाई आली. डब्यात डोकावली.

"ताई, ह्या का काढल्या?"

"कळी खातील, हिरूबाई. आमच्या ह्यांना फूल बघायचं होतं."

"व्हतं की. मीच म्हनलं, सायेब, झटका आळ्या, फूल दिसंल. तर म्हनले, मंग तुझं बोलनं खरं का खोटं, ते कळायचं कसं?" हिरूबाई शेजारी टेकली. "आमचं बोलनं तोलून बघनारा तेवडा येकच मानूस भेटला, ताई."

वारा उतारावरून गेला. गवत वाकले, गवत उठले. हेमांगी रडली, पुष्कळ वेळ रडली. तिला फूल नको होते, कडूपण नको होते. तिला तो हवा होता.

मग तिने डबा उघडला. एकेक आळी पानावर ठेवली, हलकेच, जपून. वहीत लिहिले: आज वेलीला माझा हात लागला. अर्धा तास.

ऊन कलले. पहिली आळी देठावरून कळीवर चढली. हेमांगीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आणि हिरव्या पाकळीच्या कुरतडलेल्या काठातून, अजून अग्नी न झालेला, फिकट, पिवळा, कोवळा रंग कणाकणाने उघडा पडत गेला.