ओल्या कुंड्यांचं वजन

चढाच्या पायथ्याशी सायकल उभी करून तो बायकोवर मनातल्या मनात तोंडसुख घेत होता. सायकलची पुढची पेटी कुंड्यांनी गच्च भरलेली, ऊन डोक्यावर यायला लागलेलं, आणि हिचा पत्ता नाही. नेहमीची रीत अशी, की तो भरलेली सायकल घेऊन मोठ्या रस्त्याने वळसा घालून यायचा आणि ती आवराआवर करून मागच्या गल्लीतून पायी यायची. चढ सुरू होतो तिथे, बंद पडलेल्या पेट्रोलपंपासमोर दोघं भेटायची. मग तो सगळ्यात हलका गियर टाकून पाय मारायचा आणि ती मागून ढकलायची.

"बसली असेल कुणाशी तरी गप्पा झोडत," तो पुटपुटला.

गल्लीतून शेजारचा शिंपी येताना दिसला. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. त्याने तोंड उघडण्याआधीच हा म्हणाला, "तिला म्हणावं, मला आता इथे मुळं फुटतील."

"भाऊ, घरी चला."

"अरे, टेकडीवर गिऱ्हाइकं वाट बघतायत. तिला पाठव लवकर."

"सायकल राहू दे. वहिनी नळापाशी पडल्या. चला."

शिंप्याने त्याचा दंड धरला, तेव्हा त्याला कळलं. पडलेल्या माणसाला उचलायला बोलावणारा असा दंड धरत नाही.

तो घरी पोचला तेव्हा अंगणातला नळ कुणीतरी बंद केला होता. झारी आडवी झालेली, पाणी पार दारापर्यंत गेलेलं. डॉक्टर आले, वाकले, उठले, आणि त्यांनी त्याच्याकडे न बघता शिंप्याकडे बघितलं.

*

लोक त्याला कुंडीवाला म्हणत. धंदा साधा होता. ऑफिसं, दवाखाने, दुकानं यांना हिरवी झाडं भाड्याने द्यायची. बंद खोल्यांमध्ये झाडं दमतात, पिवळी पडतात. ती उतरवून आणायची आणि त्यांच्या जागी ताजी ठेवायची. दमलेल्यांना अंगणात महिनाभर ऊन, खत, पाणी. बायको त्याला माहेरपण म्हणायची. "ही बघा, कशी सुकून आली पोर. काय छळतात हो तुमचे ते वकील?"

आणि एका गोष्टीवरून दोघांचं रोज सकाळी वाजायचं. निघायच्या आधी ती प्रत्येक कुंडीला पोटभर पाणी घालायची. ओली माती म्हणजे दुप्पट ओझं.

"पोचल्यावर घालू की पाणी," तो ओरडायचा. "विनाकारण चढावर कशाला न्यायचं?"

"मुलीला कुणी उपाशीपोटी सासरी धाडतं का?"

"मुलगी आपल्या पायाने जाते. या माझ्या पायाने जातात!"

"मग मी ढकलते ना मागून. तुमचं काय जातंय?"

आणि ती खरंच ढकलायची.

ती गेल्यावर एकदा त्याने एकट्याने चढ चढून बघितला. निम्म्यावर पाय थांबले. सायकल मागे यायला लागली, त्याने कशीबशी कडेच्या भिंतीला टेकवली, तरी पुढच्या दोन कुंड्या रस्त्यावर फुटल्या. एक गाडीवाला हॉर्न वाजवत उभा राहिला. तो खापऱ्या गोळा करून खाली आला आणि नंतर चढाकडे फिरकला नाही. वरच्या लोकांना बाहेरगावी राहणाऱ्या मुलीने फोन केला, घरात अडचण आहे, काही दिवस जमणार नाही. तिनेही त्यापलीकडे काही सांगितलं नाही. आई गेली, हे शब्द तिलाही जमले नसावेत.

सपाटीवरची गिऱ्हाइकं चालू राहिली. पण वर वाचनालय होतं, दाताचा दवाखाना होता, वकिलांची ऑफिसं होती. निम्मा धंदा वर होता. आणि अंगणात वरून आलेली झाडं टवटवीत होऊन बसली होती, परत जायची वाट बघत. शेवटी वाचनालयातून निरोप आला. या महिनाअखेरपर्यंत येणार असाल तर सांगा, नाहीतर एक टेम्पोवाला तयार आहे, टेकडीवरचे आम्ही सगळे त्याच्याकडे जाऊ.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सायकलला मोटार बसवा. किट मिळतं आता, मी फोटो पाठवलाय. नाहीतर ती सायकल विका आणि इकडे या राहायला."

"तिकडे येऊन काय करू? तुझ्या नवऱ्याला पाणी घालू?"

ती हसली. पूर्वी ती अशी हसली, की याच्या मागून आईचा आवाज यायचा, काय झालं म्हणून.

*

सायकल दुरुस्तीवाल्याला सगळे पाना म्हणत. कारण सुताराच्या कानामागे जशी पेन्सिल, तसा त्याच्या खिशात कायम पाना असायचा. मुलीने पाठवलेला फोटो त्याने लांब धरून बघितला.

"मागच्या चाकातली मोटार. बरी आहे. पण काका, फोटो बघून बायको करत नाहीत." म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे, बसा तुम्ही. स्टूल घ्या."

कुंडीवाला बसला. लोक आपल्यासमोर जीभ चावतात याची त्याला आता सवय झाली होती.

"तीन जागी बसते मोटार," पाना घाईने बोलू लागला. "पुढच्या चाकात, मागच्या चाकात, नाहीतर पेडलच्या मधोमध. पुढची तुम्हाला बाद. चढावर वजन मागे झुकतं, पुढचं चाक नुसतं जागच्या जागी गरगरेल."

"मुलगी मागची म्हणते. मूठ पिळली की चालते म्हणे, पाय मारायलाच नको."

"सपाटीवर राणी आहे ती. चढावर सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर. तुमच्या गियरचा तिला काही उपयोग नाही. ओझं घेऊन हळूहळू चढायला लागली की तापते, आणि तापली की रुसते."

"आणि मधली?"

"मधली साखळी ओढते. तुम्ही हलका गियर टाकलात की तिलाही हलकं होतं. कसलाही चढ काढेल. पण महाग, बसवायला कटकट, साखळी लवकर खाते. शिवाय तुम्ही पाय मारले तरच ती चालणार. आयतं बसवून कुणाला नेत नाही."

"म्हणजे माझ्यासोबत चालणार."

"तसंच म्हणा. वजन किती नेता?"

कुंडीवाल्याने अंदाजाने काहीतरी सांगितलं. पान्याने मान हलवली. "उद्या भरून आणा. तोंडच्या वजनावर मी मोटार विकत नाही."

दुसऱ्या दिवशी तो वरच्या खेपेइतक्या कुंड्या घालून आला. शेजारच्या भंगारवाल्याकडे मोठा काटा होता. दोघांनी कुंड्या एकेक करून त्यावर मांडल्या. पान्याने काटा वाचला आणि खुशीत आला.

"एवढंच? मग ऐका लेकीचं. मागच्या चाकातली आरामात नेईल. स्वस्तात सुटलात काका."

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण पान्याने बोलता बोलता एका कुंडीत बोट खुपसलं होतं, आणि ते कोरडंच्या कोरडं बाहेर आलं. बोटावर राखेसारखी माती. पान्याने ती पँटला पुसली. त्याच्या दृष्टीने ती नुसती माती होती.

कुंडीवाला त्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याने पानं बघितली. कडा खाली वळलेल्या. ती गेल्यापासून निघण्याआधी पाणी घालणं त्याने सोडूनच दिलं होतं. एकट्याला ओझं होतं म्हणून. पोचल्यावर घालू म्हणायचा, आणि पोचल्यावर कधी नळ मिळायचा नाही, कधी लक्षात राहायचं नाही. सपाटीवरचा एक दुकानदार मागे म्हणालाही होता, हल्ली तुमची झाडं येतानाच आजारी दिसतात. तेव्हा त्याला राग आला होता.

"नळ कुठे आहे तुझा?" त्याने विचारलं.

"मागे. का, तोंड धुताय?"

त्याने तेलाचा एक रिकामा डबा साबणाने घासला, भरून आणला आणि पहिल्या कुंडीत ओतायला लागला. घाई न करता. पाणी आत जिरू द्यायचं, थांबायचं, पुन्हा ओतायचं. खालच्या भोकातून ठिबकायला लागलं की पुढची कुंडी. भंगारवाला ओरडला, "अहो, काट्याला गंज चढेल!"

"पुसून देतो."

"काका, काय चाललंय काय?" पाना म्हणाला.

सगळ्या कुंड्या झाल्यावर तो बाजूला झाला. "आता बघ काटा. हे वजन धर."

पान्याने बघितलं आणि शीळ घातली. "अहो, पण पोचल्यावर घाला ना पाणी. विनाकारण चढावर कशाला न्यायचं?"

शब्दन् शब्द तोच. इतकी वर्षं तो हेच ओरडत आला होता. तिच्याकडे दर वेळी याला उत्तर असायचं, आणि तो ते आता शोधत होता. सासर-माहेराचं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं, पण त्याच्या तोंडी ते शोभलं नसतं.

"अशीच न्यायची असतात," तो म्हणाला.

"मग मधली."

"मधलीच बसव."

किट यायला थोडे दिवस गेले. बसवायच्या दिवशी तो सकाळपासून दुकानात बसून होता. पान्याने पेडलची दांडी काढली, आतलं जुनं ग्रीस बोटाने खरवडलं, मोटार सरकवून घट्ट केली. मग हँडलवरचं एक बटण दाखवलं. "कधी उतरून चालायची वेळ आली, तर हे दाबून धरायचं. गाडी तुमच्या चालीने पुढे सरकते. म्हणजे कसं, मागून कुणीतरी..." तो थांबला आणि हातातला पाना उगाचच फडक्याने पुसू लागला. "चालीने सरकते. एवढंच."

"कळलं."

"आणि बॅटरी मागे येणार. तिथे ही लाकडी दांडी आहे."

सीटमागे आडवी दांडी होती. ढकलताना हात घसरू नये म्हणून तिनेच बसवून घेतलेली. तिचे हात पडायचे त्या दोन जागी लाकूड गुळगुळीत झालेलं.

"ठेवायची असेल तर बॅटरी पेटीखाली नेतो," पाना हळूच म्हणाला. "वायर लांब जाईल, पण नेतो."

"पेटीखाली कुंड्यांचं पाणी ठिबकतं. काढ ती."

बोल्ट गंजले होते. पान्याला करवत लावावी लागली. तेवढा वेळ कुंडीवाला रस्त्यावरची माणसं बघत बसला.

*

पहिल्या खेपेला त्याने अंगणात सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं आणि निघाला. पेट्रोलपंपासमोर तो सवयीने थांबला. थांबायचं काही कारण नव्हतं. गल्लीकडे न बघता त्याने हलका गियर टाकला आणि पेडलवर जोर दिला. पायाखाली बारीक घुमल्यासारखा आवाज झाला, आणि सायकल सरळ चढायला लागली. मोटारीचं कौतुकच करायला हवं. जिथे कुंड्या फुटल्या होत्या ती जागा कधी मागे पडली कळलंही नाही.

फक्त चढ फार मुका होता. ती ढकलताना एक क्षण गप्प बसायची नाही. डावीकडे घ्या, खड्डा आहे. झोपलात का? पाय मारताय की पोज देताय? वर पोचल्यावर मात्र दोघांना इतकी धाप लागलेली असायची, की बराच वेळ कुणाला बोलताच यायचं नाही. नुसती एकमेकांकडे बघत उभी राहायची. आज तो पोचला तेव्हा त्याला धापच लागली नव्हती. बोलायला पुरेसा श्वास शिल्लक होता.

वाचनालयातल्या बाई खिडकीतूनच हसल्या. "आलात! मी त्या टेम्पोवाल्याला आजच नाही म्हणून कळवते. अरे वा, मोटार बसवली? म्हणजे सुटल्या बिचाऱ्या ढकलण्यातून."

"हो."

"आहेत कुठे त्या?"

"येतेय मागून," तो म्हणाला.

त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं हेच उत्तर दिलेलं. तो दारात टेकायचा, बाई विचारायच्या, तो हे म्हणायचा, आणि पाठोपाठ ती पदराने मान पुसत आत यायची. तोंडाने आपलं काम केलं आणि मोकळं झालं.

बाईंनी पाण्याचे दोन पेले भरले. एक त्याला दिला, दुसऱ्यावर बशी झाकून खिडकीत ठेवला. "त्यांना सांगायचंय मला. कोपऱ्यातलं त्यांचं ते मोठ्या पानांचं झाड, मीच जगवलं इतके दिवस. बघून खूश होतील."

त्याने दमलेल्या कुंड्या पेटीत ठेवल्या, ताज्या आत आणून मांडल्या. त्यांची माती काळी, गार होती, आणि पानं सरळ होती. मोठ्या पानांचं झाड खरंच चांगलं होतं, नवं पान सोडत होतं. ते त्याने जागचं हलवलं नाही. बाई फोनवर कुणाशी तरी बोलायला लागल्या, तशी तो त्यांना हात करून बाहेर पडला आणि उतार उतरून आला.

त्यानंतर टेकडीच्या बऱ्याच खेपा झाल्या. मोटार चांगली चालते, साखळी एकदा बदलून झाली. दाताच्या डॉक्टरांना त्याने सांगितलं, वकिलांनाही सांगितलं. वाचनालयातल्या बाई विचारतात, तेव्हा तो म्हणतो, आज घरी आहे, आज तिला जमलं नाही. चढावर तो दर वेळी वाक्य जुळवत येतो. आता तर श्वासही पुरतो. पण बाईंना सांगायचं अजून राहिलं आहे.