चार रंगांतली इस्त्री

"डावी बाजू जरा खाली घे. हं, आता सरळ आहे," सून म्हणाली आणि मुलगा स्टुलावरून खाली उतरला.

वायरमन दारातच थबकले. मुलाच्या नव्या घराच्या भिंतीवर मोठं चित्र लागलं होतं. एकच इस्त्री, चारदा छापलेली: गुलाबी, पिवळी, निळी, हिरवी. जुन्या घाटाची, काळ्या मुठीची, मागे कापडी वेष्टणाची वायर.

"याला पॉप आर्ट म्हणतात, बाबा," सून कौतुकानं म्हणाली. "रोजच्या वापरातली साधी वस्तू, पण अशी रंगवली की माणूस थांबून बघतो."

"थांबतो खरा," वायरमन म्हणाले आणि चित्राकडे पाठ करून बसले.

जेवतानाही ते तसेच बसले. घास तोंडात फिरत राहिला. शेवटी न राहवून म्हणाले, "ते चित्र आतल्या खोलीत लावलं तर?"

सुनेचा चेहरा उतरला. मुलगा हसला. "का हो बाबा? त्या इस्त्रीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

वायरमननी हातातला घास ताटात ठेवला. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत वायरिंग केलं होतं. त्यांच्या कामावर कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं. आणि तीसेक वर्षं एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली होती. आजही थाप मारून वेळ मारून नेता आली असती. जीभ मात्र वळेना.

"तुझी आई तापानं गेली नाही," ते म्हणाले.

मुलाचं हसू तिथंच थिजलं.

"आपल्याकडे अशीच इस्त्री होती. मुठीपाशी वायर सोलली गेली होती. तुझी आई आठवडाभर माझ्या मागे लागली होती, वायर बदला म्हणून. मी दिवसभर लोकांच्या वायरी बदलून यायचो, घरी आलं की कंटाळा. वर चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हटलं, रविवारी बघू. शुक्रवारी सकाळी ती तुझ्या शाळेच्या शर्टाला इस्त्री करायला बसली."

सुनेनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"तू पाच वर्षांचा होतास," वायरमन म्हणाले. "शेजारणीनं तुला विचारलं, आईला काय झालं? तूच म्हणालास, ताप आलाय. मी तेच धरून ठेवलं."

"मला आजवर वाटायचं, मी पावसात खेळून घरी ताप आणला," मुलगा हळूच म्हणाला. "माझ्यामुळे आई गेली असं वाटायचं."

हे वायरमनना ठाऊक नव्हतं. आपण लपवलं ते पोराच्या भल्यासाठी, असं त्यांनी स्वतःला इतकी वर्षं बजावलं होतं. त्या एका वाक्यानं ते मोडीत निघालं. "मला विचारायचंस तरी," ते पुटपुटले. कुणाला विचारणार होतं पोर, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

मुलगा ताटावरून उठला आणि आत गेला. दार लागलं. वायरमन चपला घालून आपल्या खोलीवर परतले.

पंधरा दिवस मुलाचा फोन आला नाही. सुनेचा दोनदा आला, तब्येतीची चौकशी करून ती थांबायची. चित्राचा विषय तिनं काढला नाही, यांनी विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी मुलाचाच फोन आला. "स्वयंपाकघरातल्या एका बटणातून ठिणगी उडते."

"कुणीतरी जवळचा माणूस बोलाव, लगेच येईल."

मुलगा म्हणाला, "तुम्ही याल का?"

वायरमन गेले. भिंतींकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात शिरले. पेचकस हातात घेतला तेव्हा बोटं थरथरत होती. ती त्यांनी मुलापासून लपवली नाहीत. मुलगा ते बघून बाहेर गेला, मेन स्विच खाली ओढला आणि त्यावर हात ठेवून तिथंच उभा राहिला.

"बंद केलंय," तो म्हणाला. "तुमचं होईपर्यंत मी इथून हलत नाही."